एका ब्लेडची फट

ते वर्ष एकोणीसशे एकोणसत्तर. त्या साली ईस्टर एप्रिलच्या मध्यावर आला होता, तरी जंगलातल्या खड्ड्यांत बर्फ राखाडी होऊन पडलेलंच होतं. वेर्बिव्का गावात तेव्हा तीन मोटारसायकली होत्या. एक पोस्टातली, तिला मागचा दिवा नव्हता. दुसरी सामूहिक शेताच्या हिशेबनिसाची, ती तो फक्त पुसायचा. तिसरी पानासची, हिरवी, साइडकारवाली. हिच्यावरूनच गावातली बाळंतीण दवाखान्यात जायची, डुक्कर बाजारात जायचं, आणि एकदा तर पाद्रीसुद्धा गेला होता, दाढी मफलरमध्ये गुंडाळून.

पानास सामूहिक शेताच्या वर्कशॉपात ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. वय एक्कावन्न, बोलणं कमी. त्याची बायको ओदार्का सत्तेचाळीस वर्षांची, शिवणकाम करणारी. त्यांना एकच मुलगा, लुक्यान, तो दीड वर्षापूर्वी लष्करात गेला होता आणि जर्मनीतल्या छावणीत होता. पत्रं यायची, त्यात जेवण चांगलं आहे आणि हवा ओली आहे एवढंच असायचं.

ईस्टरनंतरच्या गुरुवारी एक पोस्टकार्ड आलं. अक्षर लुक्यानचं नव्हतं. कोणा मित्राने पोलंडच्या सीमेवरून टाकलेलं होतं. 'तुमच्या लुक्यानच्या तुकडीला गाडीने पूर्वेकडे नेत आहेत. कुठे ते माहीत नाही. रविवारी बाराच्या सुमारास कोरोस्तेनला इंजिन बदलतील, अर्धा तास थांबू असं म्हणतात. जमलं तर या, असं तो म्हणाला.'

ओदार्काने ते कार्ड चार वेळा वाचलं आणि मग पिठाचं मडकं उघडलं.

कोरोस्तेन अठ्ठावन्न किलोमीटर. बस बुधवारी आणि शनिवारी, तीही तालुक्याच्या गावापर्यंतच. वर तो रविवार मृतांचा होता. ईस्टरनंतरच्या त्या रविवारी आमच्याकडे सगळं गाव टोपल्या घेऊन कब्रस्तानात जातं, थडग्यांवर टेबलक्लॉथ अंथरून आपल्या गेलेल्यांबरोबर जेवतं. त्या दिवशी रस्त्यावर लॉरी मिळायची नाही, आणि मिळालीच तर चालवणारा शुद्धीवर असायचा नाही. म्हणजे मोटारसायकल हाच एक मार्ग.

"मग शनिवारी टॅपेट बघून घेतो," पानास म्हणाला. "हिवाळाभर उभी आहे."

हे ऐकलं आणि ओदार्काचा हात पिठात थांबला.

टॅपेटचं असं असतं. इंजिनात व्हॉल्व असतात, ते उघडझाप करतात, आणि त्यांना खालून ढकलणारे टॅपेट असतात. दोघांच्या मध्ये थंड इंजिनात थोडी फट ठेवावी लागते, कारण तापलं की लोखंड वाढतं. फट कमी पडली तर तापलेला व्हॉल्व पुरता मिटत नाही, दाब निसटतो आणि त्याची कड जळते. फट मोजायची पात्यांची जुडी, म्हणजे खरं गेज, वर्कशॉपात एकच होतं आणि ते मुख्य मेकॅनिकच्या कुलपात असायचं. आपापल्या घरी सगळे दाढीचं ब्लेड वापरायचे. आपल्याकडच्या ब्लेडची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग, आणि त्या मोटारसायकलीला फटही तेवढीच लागायची. ब्लेड मध्ये सरकलं पाहिजे, पण थोडं अडकत. पानास म्हणायचा, "निघताना म्हातारी बाही धरते ना, तेवढंच."

त्यासाठी त्याच्याकडे एक खास ब्लेड होतं. दोन्ही कडा दगडावर घासून बोथट केलेलं, गोळ्यांच्या चपट्या पत्र्याच्या डब्यात, दोन बारीक पान्यांशेजारी, तेलाच्या फडक्यात ठेवलेलं. आठ वर्षं तेच. घरात कशावर तो ओरडत नसे, फक्त त्या डब्याला कोणी हात लावला तर ओरडे. एकदा ओदार्काने त्यातला पाना उकळत्या भांड्याचं झाकण उचलायला घेतला होता, तेव्हा तो दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

आणि ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासात, महिनाभरापूर्वी, तिने त्या डब्याला हात लावला होता.

लुक्यानचा जुना हिवाळी कोट ती उसवत होती. कापड उलटं करून नवा कोट शिवायचा, पोरगा शरद ऋतूत सुटून येईल तेव्हा तयार असेल, असा तिचा बेत होता. उसवायला तिच्याकडे अर्धं ब्लेड होतं, ते खांद्याच्या जाड शिवणीत मोडलं. दुकानात ब्लेडं संपलेली. पानास कामावर. बोथट झालं तरी ब्लेडच आहे, एक कोपरा तरी कापेल, असं म्हणून तिने डब्यातलं घेतलं. तेही कॉलरपाशी गेलं आणि कट्कन मोडलं.

घरात आणखी ब्लेडं होती, पण ती लुक्यानने नववर्षाला जर्मनीहून पाठवलेली. निळ्या कागदातलं पाच ब्लेडांचं पाकीट. पानासने ते फोडलंसुद्धा नव्हतं. "पोराच्या लग्नाच्या दिवशी दाढी करीन याने," म्हणून चित्राच्या चौकटीमागे ठेवलं होतं. ओदार्काने पाकिटाची चिकटवलेली कड वाफेवर धरून सोडवली, एक ब्लेड काढलं आणि कड पुन्हा चिकटवली. ब्लेड बोटांत धरलं तर कांद्याच्या सालीसारखं वाकलं. परक्यांचं सगळंच नाजूक, एवढंच तिच्या मनात आलं. उंबऱ्याच्या दगडावर तिने त्याच्या दोन्ही कडा घासून बोथट केल्या, चकाकू नये म्हणून तेल आणि काजळी चोळली, आणि फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवून दिलं.

काही मोठा गुन्हा नव्हता. सांगून टाकणार होती. पण ईस्टर आला, साफसफाई आली, आणि राहून गेलं.

शनिवारी सकाळी पानासने मोटारसायकल गोठ्याच्या दारात ओढली. मुद्दाम तिला आधी चालू केलं नव्हतं, कारण टॅपेट नेहमी थंड इंजिनात बघायचे. "गरम इंजिनातली फट खोटं बोलते," हा त्याच्या उस्तादाचा मंत्र होता, आणि उस्तादाच्या मंत्रांपुढे पानास बायबललाही उभं करत नसे. बाजूचं झाकण काढलं. दोन बारीक पाने घेतले. एकाने चेकनट धरायचा, दुसऱ्याने बोल्ट फिरवायचा. ब्लेड सरकवलं.

"अरे," तो म्हणाला. "फार ढिले झालेत की. हिवाळ्यात असं कसं झालं?"

ओदार्का खिडकीत होती. तिला ऐकू गेलं. ढिले नव्हते झाले. आता कळतं, पण तेव्हा तिला काय ठाऊक? ब्लेड म्हणजे ब्लेड. त्याने ओळखलं नाही, एवढ्यानेच तिचा जीव भांड्यात पडला.

कुंपणावरून कूम ह्नात वाकून बघत होता. कूम म्हणजे मुलाचा धर्मपिता, आणि तो नि पोराचा बाप एकमेकांना कूमच म्हणतात. त्याने बाप्तिस्म्याच्या वेळी तुमच्या पोराला हातात धरलेलं असतं, आणि तेवढ्यावर जन्मभर तुम्हाला वाट्टेल ते बोलायचा हक्क मिळवलेला असतो. ह्नात मधमाश्या पाळायचा, आडवा वाढलेला होता, आणि त्याला कुठल्याही कामातलं काही कळत नसलं तरी मत असायचं.

"कूम, चालू होती ना ती? मग कशाला पोट फाडताय तिचं?"

"तुमच्या माश्यांना मी शिकवतो का, कूम?"

"माश्यांना शिकवा हो, मला आनंदच आहे. पण उद्या मीही येणार, आधीच सांगतो. पोराला पाण्यातून मी काढलंय. तुम्ही नुसता जन्म दिलात."

"तुमच्या वजनात बटाट्याची तीन पोती बसतात."

"मग बटाटे ठेवा घरी!"

चारही टॅपेट लावून झाल्यावर पानासने झाकण बसवलं आणि किक मारली. इंजिन लागलं. आणि काय लागलं! नेहमी त्याची बारीक टकटक असायची, शिवणयंत्रासारखी. ती नाहीशी झाली होती. साय सरकावी तसा मऊ आवाज.

पानासने मान कलती केली आणि बराच वेळ ऐकत राहिला. "फारच गोड बोलतेय."

"बायको गप्प झाली तर माणूस देवळात मेणबत्ती लावतो," ह्नात म्हणाला, "आणि तुम्हाला काळजी पडलीय."

"टकटकणारा व्हॉल्व जगतो, कूम. गप्प बसलेला जळतो." मग त्याने डबा उघडून ब्लेडकडे पाहिलं, पुसलं, परत ठेवलं. "पण मापाने तर बरोबर आहे. एका ब्लेडची."

रविवारी सहाला निघाले. पानास पुढे, त्याच्या मागे ह्नात, साइडकारमध्ये ओदार्का. तिच्या मांडीवर ईस्टरची पावरोटी, लाल रंगवलेली बारा अंडी, कोबी भरलेल्या पिरिझ्क्या, खारवलेल्या चरबीचा तुकडा आणि ह्नातचा मध. गावाबाहेर पडताना कब्रस्तानात बायका आधीच टेबलक्लॉथ अंथरत होत्या. एकीने हात केला.

"कुठे निघालात टोपली घेऊन? आपले लोक इकडे झोपलेत!"

"सगळं गाव आज मेलेल्यांना जेवू घालतंय," ह्नात ओरडला, "आम्ही एका जिवंताला घालणार!"

ओदार्काने छातीवर क्रुसाची खूण केली. असलं बोलणं तिला आवडलं नाही.

रस्ता जंगलातून होता, लाकडाचे ओंडके टाकलेला, ओंडक्यांमध्ये चिखल. मोटारसायकल ओढत होती, पण पहिल्या गिअरमध्ये, तापत. पंचवीस किलोमीटरवर, ज़ालिस्सिया नावाच्या वस्तीपाशी, इंजिनाच्या दोन सिलिंडरांपैकी उजव्या बाजूचा फुसफुसायला लागला. साइडकारच्या आडोशाला त्या बाजूला वारा कमी लागतो. दोनदा नळीतून भडाका उडाला, मग गाडी लंगडत लंगडत थांबली. पानासने किक मारली तर पाय नुसता खाली गेला, जसा लोण्यात.

"दाबच नाही," तो म्हणाला. "व्हॉल्व?"

"मग उघडा आणि बघा," ह्नात म्हणाला.

"गरम आहे. गरम बघून काय करू? निवू दे."

आठ वाजले होते. वस्तीचं कब्रस्तान रस्त्याच्या कडेलाच होतं, आणि लोक थडग्यांवरून उठून हातात पेले घेऊन बघायला आले. प्रत्येक जण मेकॅनिक होता.

"प्लग बदला, प्लग."

"पेट्रोलमध्ये पाणी असणार. आमच्या जावयाच्या गाडीत..."

"तुझ्या जावयाच्याच डोक्यात पाणी आहे, मिकीता. मॅग्नेटो आहे हे, मी सांगतो."

"घ्या हो, आमच्या आजीच्या नावाने एक पेला घ्या, आपोआप चालू होईल."

पानासने कोणाचा पेला घेतला नाही. इंजिन निवेपर्यंत त्याने कार्ब्युरेटर खोलला, फुंकला, प्लग काढून घासले. तास गेला. मग हाताला थंड लागल्यावर बाजूचं झाकण काढलं आणि ब्लेड सरकवलं. ते थोडं अडकत सरकलं, बाही धरल्यासारखं.

"एका ब्लेडची," तो म्हणाला. "बरोबर आहे. म्हणजे व्हॉल्व नव्हे. कचराच होता कार्ब्युरेटरमध्ये."

ओदार्का शेजारी उभी होती. ब्लेड त्याच्या बोटांत किंचित वाकलं, कांद्याच्या सालीसारखं. तिला यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण कापडातलं कळत होतं. जाड टेपने मापलं काय आणि पातळ टेपने मापलं काय, लांबी तीच. इथे मात्र टेपची जाडी हेच माप होतं. हे तिला त्या क्षणी, त्या परक्या थडग्यांच्या कडेला उभं राहून कळलं. पण इतकी बारीक गोष्ट? केसाएवढीसुद्धा नाही. इतक्याने लोखंडाची गाडी थांबेल? आणि आजूबाजूला दहा पुरुष, पेले घेऊन. आता सांगितलं, की मी तुझ्या डब्यातलं ब्लेड मोडलं आणि पोराच्या पाकिटातलं चोरून ठेवलं, वर काजळी फासली, तर ह्नात ते जन्मभर सांगत फिरेल.

किक मारली, आणि इंजिन लागलं. तेच मऊ, गोड. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडेनऊ झाले होते. तिने मनात म्हटलं, बघ, नव्हतंच तसं काही.

अकरा किलोमीटर गेले आणि परत तेच. फुसफुस, भडाका, लोणी. या वेळी डावी बाजूही.

इथे कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना पाइनचं जंगल. ह्नात झुडपांत गेला. पानास रस्त्यावर बसला, इंजिनसमोर, आजाऱ्यासमोर बसावं तसा, ते निवायची वाट बघत. घड्याळ त्याने काढून साइडकारच्या काठावर ठेवलं होतं. सव्वादहा. साडेदहा. मग झाकण काढलं, ब्लेड सरकवलं, एकेक करून चारही बघितले.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "सगळीकडे एका ब्लेडची. धर जरा, हरवू नको."

आणि त्याने ते ब्लेड ओदार्काच्या तळहातावर ठेवलं.

तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. पालथे, मग उताणे. "माझ्या हातांनाच काही झालंय का गं? तीस वर्षं करतोय हे काम. पोराला भेटायच्या दिवशीच हात विसरले का?"

"पानास," ती म्हणाली.

"काय?"

शब्द दातांपर्यंत आले होते. पण पहिल्या थांब्याला सांगितलं असतं तर ते एका मोडलेल्या ब्लेडचं सांगणं झालं असतं. आता सांगायचं म्हणजे हेही सांगावं लागलं असतं की मला कळलं होतं, आणि मी तिथे तोंड मिटून उभी राहिले, आणि तुझा अख्खा तास गेला. झुडपांतून ह्नातचं गाणं ऐकू येत होतं, जवळ येत होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "पाणी पितोस?"

"नको."

ह्नात पट्टा आवळत आला आणि मोटारसायकलकडे मान करून म्हणाला, "काय म्हणतेय आमची सूनबाई?"

"गप्प बसा हो, कूम," पानास म्हणाला. त्याने ह्नातला असं कधी म्हटलं नव्हतं.

पावणेअकराला निघाले. आठ किलोमीटरवर इंजिन तिसऱ्यांदा थांबलं ते थांबलंच. निवल्यावरही किक लोण्यातच जात होती. व्हॉल्व जळला होता, त्याची कड खाल्ली गेली होती. पानासने ते न उघडताच ओळखलं, पण का जळला ते त्याला कळेना. चौदा किलोमीटर राहिले होते. घड्याळ साडेअकरा दाखवत होतं.

मोटारसायकल रस्त्याच्या कडेला ढकलून ते चालायला लागले. ओदार्का पुढे, टोपली छातीशी धरून, जवळजवळ पळत. ब्लेड तिच्या मुठीतच होतं, ते तिच्या लक्षात नव्हतं. चार किलोमीटरवर मागून दुधाची लॉरी आली. मेलेल्यांच्या रविवारीही गाई दूध देतातच. चालवणारी एक जाड बाई होती, तिने विचारलं नाही, नुसतं दार उघडलं.

कोरोस्तेनच्या फलाटावर ते पोचले तेव्हा एकला दहा मिनिटं कमी होती. रूळ रिकामे होते. दोन्ही टोकांना रिकामे. फलाटावर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पडली होती, ताजी, ढीगभर, पुष्कळ माणसं एकाच जागी बराच वेळ उभी होती तशी.

लाल टोपीवाली एक स्टेशनवरची बाई त्यांच्याकडे आली. "मोटारसायकलवरून यायचे होते ते तुम्हीच का?"

"मोटारसायकल..." ह्नात म्हणाला आणि थांबला.

"बराच वेळ थांबली हो गाडी. इंजिन मिळत नव्हतं. गेली त्याला वीस मिनिटं झाली. एक उंच पोरगा सारखा त्या पुलाकडे, रस्ता येतो तिकडे, बघत होता. सार्जंट ओरडला तरी पायरीवरच उभा. मी म्हटलं, बाळा, दुरून यायचे असतील, वाट वाईट आहे. तर म्हणाला, 'माझ्या बाबांची गाडी कधी बंद पडत नाही.'" तिने कोटाच्या खिशातून एक लहान पुडकं काढलं. "हे ठेवून गेलाय."

आत एक डोक्याचा रुमाल होता, पांढरा, निळ्या काठाचा, आणि त्यात गुंडाळलेली सुवासिक साबणाची वडी. चिठ्ठी नव्हती. लिहायला काही मिळालं नसेल.

ओदार्काने मूठ उघडली. ब्लेड तळहातात रुतलं होतं, बोथट कडांचं, त्यामुळे रक्त नव्हतं, नुसती एक रेघ उमटली होती. तिने ते पानासला दिलं. त्याने ते बघितलं नाही, तसंच खिशात टाकलं.

पिरिझ्क्या त्यांनी त्या बाईला दिल्या. पावरोटी आणि लाल अंडी परत गावी आणली. दुसऱ्या दिवशी सोमवार, कब्रस्तानात अजून जाता येत होतं. ओदार्काने ती आपल्या आईच्या थडग्यावर ठेवली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

मोटारसायकल आठवडाभराने ट्रॅक्टरने ओढून आणली. पानासने नवा व्हॉल्व बसवला, टॅपेट लावले. शिवणयंत्रासारखी टकटक परत आली आणि ती गाडी पुढे चौदा वर्षं चालली. शेवटी तिचं इंजिन लाकूड चिरायच्या करवतीला जोडलं गेलं, साइडकारमध्ये कोंबड्या अंडी घालायच्या.

लुक्यानची पूर्वेकडून सात पत्रं आली. पहिल्यात त्याने लिहिलं होतं की कोरोस्तेनला तुम्ही नव्हतात, काही हरकत नाही, शरद ऋतूत भेटूच. शरद ऋतूत त्यांना सोडलं नाही. मार्चमध्ये नदीच्या बर्फावरून जाताना त्याची लॉरी खाली गेली. एका अधिकाऱ्याचं पत्र आलं आणि एक घड्याळ, जे त्याचं नव्हतं. त्याच्यासाठी उलटवलेला कोट ओदार्काने ह्नातच्या पुतण्याला दिला.

ह्नात त्या रविवारची गोष्ट कुठेच सांगत बसला नाही, ज्याची तिला एवढी भीती वाटली होती. उलट कोणी विषय काढला तर म्हणायचा, "रस्ता वाईट होता." सत्याहत्तर साली मधमाश्यांच्या पेट्यांमध्येच बसल्या बसल्या गेला. माश्या त्याच्या टोपीवर शांत बसल्या होत्या म्हणतात.

पानास अठ्ठ्याऐंशीपर्यंत जगला. ओदार्काला त्या दिवसाबद्दल त्याने कधी काही विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही. एकोणीस वर्षं एका छताखाली, एका ताटातलं जेवण जेवून.

तो गेल्यावर चाळीसाव्या दिवसाचं जेवण झालं, पाहुणे गेले, आणि तिने चपटा पत्र्याचा डबा उघडला. वर एक ब्लेड होतं, आपल्याकडचं, जाड, बोथट केलेलं. त्याच्याखाली वहीच्या कागदाची पुडी. पुडीत काजळी पुसलेलं पातळ ब्लेड, आणि कागदावर पानासने पेन्सिलीने काढलेले आकडे. मायक्रोमीटरने मापून लिहिलेले: मिलिमीटरच्या शंभर भागांतले सहा. खाली तारीख, त्या रविवारनंतरच्या शुक्रवारची. तिच्याखाली आणखी एक ओळ होती, 'पाकिटात चार.'

ओदार्का तो कागद घेऊन शिवणयंत्रापाशी जाऊन बसली. यंत्राच्या खणात ब्लेडं होती, शे-दीडशे तरी, काही गंजलेली. त्या वसंतापासून पानास दाढी करून झाली की जुनं ब्लेड धुऊन, पुसून, तिच्या यंत्रावर आणून ठेवायचा. "शिवणीला घे," एवढंच म्हणायचा. दर पंधरा दिवसांनी एक. काटकसर म्हणून करतो, असं तिला वाटायचं.

ओदार्का त्यानंतर नऊ वर्षं जगली. निळ्या काठाचा रुमाल तिने डोक्याला कधी बांधला नाही. तिला पुरताना शेजारणींनी बांधला, कारण पेटीत तोच एक कोरा होता.